प्रश्न वाचकांचे : धातूच्या रानाला गंज कोणता लावावा?

या महिन्यात सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली: खेळासाठी रचलेले कल्पित जग, त्यातील धातूचे रान आणि त्या रानाला झालेली बाधा. चौघांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे हे सदर या वेळी त्यांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही काही मित्र रविवारी एकत्र जमून फासे टाकून खेळायचा कथाखेळ खेळतो. सूत्रधार मी असतो. आमच्या जगात ओक आणि पाइनचे एक घनदाट अरण्य एका शापामुळे संपूर्ण धातूचे झाले आहे. पाने चांदीसारखी चमकतात, फांद्यांवर पक्ष्यांचे पुतळे आहेत. वर्णन ऐकून खेळाडू ‘वा’ म्हणतात, आणि पाच मिनिटांत कंटाळतात. ‘भ्रष्ट झालेले रान’ म्हणून त्याची भीतीच वाटत नाही. कुठे चुकते आहे? (विजापूर रोड)

उत्तर : वर्णन सुरेख आहे, परंतु त्यात जे काही व्हायचे ते होऊन गेलेले आहे. शाप लागला, झाडे धातूची झाली, पक्षी जागच्या जागी थिजले. आता खेळाडूंनी तिथे जाऊन पाहण्याखेरीज करायचे काय? भीती वाटते ती चालू असलेल्या गोष्टीची. म्हणून आधी एका मुद्द्याचा निकाल लावा: तुमच्या रानाचा रोग कोणता? झाडांचे धातू होणे, की धातूच्या झाडांचे कुजणे? दोन्ही एकदम ठेवले की दोन्ही पातळ होतात.

माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. ते रान जगाच्या आरंभापासून धातूचेच होते, निरोगी होते, त्याच्या आधाराने माणसे राहत होती आणि आता त्याला गंज चढू लागला आहे, असे धरून चाला. गंज आज ओढ्यापर्यंत आलेला असतो, पुढच्या पावसात ओढा ओलांडतो. त्याला थोपवता येते, वळवता येते, चुकून वाढवताही येते. शिवाय त्यात एक नैतिक पेचही आपोआप येतो. बहुतेक धातू जमिनीत सापडतात ते ऑक्सिजनशी किंवा गंधकाशी जखडलेल्या खनिजांच्या रूपात. भट्टीत ऊर्जा ओतून आपण त्यांना सोडवतो, आणि हवा-पाणी मिळाले की ते पुन्हा त्याच अवस्थेकडे निघतात. हेमॅटाइट हे लोहखनिज म्हणजे लोह आणि ऑक्सिजन. गंजातही तेच, वर पाण्याचा अंश. म्हणजे जमीन आपले देणे परत मागते आहे, असा अर्थ लावणारे एखादे पात्र तुम्ही रानाच्या वेशीवर उभे करू शकता, आणि मग हे रान वाचवायचे की नाही यावर तुमच्या गटातच दोन तट पडतील. सूत्रधाराला यापरते सुख नाही.

आता गंजाकडे येऊ. सर्व धातू एकाच रीतीने नासत नाहीत, आणि तुमच्या रानाची सगळी गंमत या फरकात आहे. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, पापुद्र्यांनी सुटतो, त्यामुळे खालचे नवे लोखंड उघडे पडते आणि काम चालूच राहते. शिवाय तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. जुन्या घरांच्या स्लॅबमधील सळ्या गंजल्या की खालचे प्लॅस्टर फुगून कोसळते ते यामुळेच. तुमच्या लोखंडी झाडाचे खोडही असेच बेचक्यांतून फुगेल, तडकेल, आणि वारा नसताना, मध्यरात्री, लोखंड सागवानापेक्षा दहा-बारा पट जड असल्याने केवढ्या तरी वजनाची फांदी खाली येईल. तांब्याचे उलटे आहे. त्याच्यावर हिरवट थर चढतो, तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूला राखतो. त्यामुळे रानातील हिरवीगार दिसणारी झाडे प्रत्यक्षात तांब्याच्या जंगालाने माखलेली असतील: झाड सुरक्षित, पण त्याच्या पानांवरून ओघळलेले पाणी पिणाऱ्याची धडगत नाही. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. तुमच्या खेळाडूंना ते विषबाधेच्या फाशावरून कळेल. हिरवे म्हणजे जिवंत, ही त्यांची समजूत एकदा तरी मोडायला हवी.

संसर्गच हवा असेल तर कथील घ्या. शुद्ध कथील १३.२ अंश सेल्सिअसच्या खाली अस्थिर होते. थंडी शून्याच्या बरीच खाली गेली आणि टिकून राहिली की पांढऱ्या चकचकीत कथिलावर राखाडी फोड उठतात, ते पसरतात, फुगतात आणि अखेर साऱ्याची भुकटी होते. भयंकर गोष्ट अशी की राखाडी कथिलाचा कण निरोगी कथिलाला चिकटला तर तिथेही बदलाला चालना मिळते. धातूशास्त्रात याला रोगाचेच नाव आहे. तुमच्या रानाच्या उत्तर टोकाला, डोंगराच्या थंड सावलीत, कथिलाच्या झाडांचा एक पट्टा ठेवा आणि खेळाडूंच्या बुटांच्या तळव्यांना ती राखाडी भुकटी लागल्याचे सहज, जाता जाता सांगा. कपट हवे असेल तर ॲल्युमिनियम आणि पारा आहेतच. ॲल्युमिनियम गंजत नाही कारण त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ आणि चिवट थर असतो. जिथे हा थर ओरखडला गेला तिथे पाऱ्याचा थेंब पोहोचला की तो थर पुन्हा नीट धरत नाही आणि धातूतून पांढरी, पिसांसारखी वाढ बाहेर येऊ लागते. कोणी तरी हेतुपूर्वक पारा शिंपडत फिरते आहे, एवढ्या एका धाग्यावर तुमचे पुढचे दोन-तीन रविवार निघतील.

उपायही धातूतच आहे. ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांतील एक झिजतो आणि दुसरा वाचतो. लोखंडाला तांबे टेकले तर लोखंड लवकर जाते. लोखंडाला जस्त टेकले तर जस्त जाते आणि लोखंड तगते. आपली पत्र्याची बादली जस्ताच्या मुलाम्यामुळे टिकते, जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे याचसाठी बसवतात. तेव्हा रानात जस्ताची काही खुजी, मळकट, कोणी ढुंकूनही पाहणार नाही अशी झुडुपे ठेवा. मोठ्या लोहवृक्षाच्या मुळाशी ती नेऊन लावली तर वृक्ष वाचेल आणि झुडुपे विरून जातील. ती झुडुपे बोलणारी असतील तर खेळाडूंना हा उपाय सुचूनही करवणार नाही, आणि खरा खेळ तिथे सुरू होईल. मध्यभागी गंज न लागलेला एकच वृक्ष ठेवायचा असेल तर दिल्लीचा लोहस्तंभ डोळ्यांसमोर आणा: सुमारे १६०० वर्षे जुना, ७ मीटरहून उंच. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यामुळे पृष्ठभागावर एक रक्षक थर तयार झाला आहे. म्हणजे त्या झाडाचे रहस्य मंत्रात न ठेवता त्याच्या मातीत ठेवता येईल, आणि रहस्य मातीत असले की ते दुसऱ्या झाडांपर्यंत नेता येते.

ओक आणि पाइन मात्र काढून टाका, असे मी आग्रहाने सांगेन. नान्नजच्या माळावर माळढोकासाठी राखलेल्या अभयारण्याकडे एकदा जाऊन या, वाटेतल्या बाभळी, बोरी, हिवर नीट पाहा. बाभळीचा बोटभर पांढरा काटा पोलादाचा झाला तर काय होईल हे सोलापूरच्या खेळाडूला वर्णन करून सांगावे लागत नाही. धातूचे रान ही परदेशी खेळांची मिरास आहे असेही समजू नका. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला जी नरकाची वाट दिसते तिच्यावर असिपत्रवन आहे, तलवारीसारख्या पानांचे. ते शिक्षेचे ठिकाण असल्यामुळे नित्य तसेच राहते. तुमच्या रानात काळ वाहतो, एवढा फरक तुम्ही राखायचा.

प्रश्न : माझे आयुष्य यंत्रमागावर गेले, जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल पाहणारा, म्हणून निवृत्त झालो. नातू संगणकावर खेळ तयार करतो आहे. त्यातील धातूच्या झाडांना त्याने घुंगरांचा आवाज दिला आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. धातूची पाने खरोखर कशी वाजतील? आणि आपल्याकडच्या मे महिन्यात अशा रानात माणूस टिकेल का? (पूर्व भाग)

उत्तर : आपला कान बरोबर सांगतो आहे. घुंगरात पोकळ कवच असते आणि आत सुटा खडा; पानात यांपैकी काहीच नसते. पातळ पत्र्याची पाने वाऱ्यावर एकमेकांना घासतील तेव्हा खरखर आणि सळसळ यांच्या मधला आवाज येईल. मोठा पत्रा वाकून सुटला तर गडगडेल, आणि नाटकांत ढगांचा गडगडाट पत्रा हलवूनच काढत असत. नाद हवा असेल तर धातू कठीण हवा आणि तो एका बाजूने मोकळा हवा. साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील अशा काशाची घंटा दीर्घकाळ घुमते, कारण कंपने आतल्या आत फारशी विरत नाहीत. शिशाची घंटा केली तर ठोका मारल्याबरोबर आवाज मरतो. तेव्हा नातवाने सर्व झाडांना एकच आवाज न देता काशाच्या झाडांना नाद द्यावा, लोखंडी झाडांना खणखणाट द्यावा आणि शिशाच्या झाडांना जवळजवळ गप्प ठेवावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बाधेची आहे. गंजाचे सुटे पापुद्रे आणि आतल्या चिरा कंपने खाऊन टाकतात, त्यामुळे रोगट झाड बद्द वाजते. म्हणजे खेळणाऱ्याला अंधारातही, काठीने बुंध्यावर टकटक करून, बाधा कुठवर पोहोचली हे समजू शकेल. माग कुठे अडतो आहे हे आपण आवाजावरून ओळखत आलात. त्या खेळाचे आवाज तपासण्याच्या कामी नातवाला आपल्याइतका जाणता माणूस घराबाहेर शोधायला नको.

उन्हाबद्दल. खऱ्या झाडाखाली गारवा असतो तो केवळ सावलीचा नसतो. पाने पाण्याची वाफ सोडतात आणि त्यात उष्णता खर्च होते. धातूचे पान पाणी पीत नाही. चकचकीत धातू ऊन पुष्कळसे परतवतो हे खरे, परंतु जेवढी उष्णता आत येते ती बाहेर टाकण्यात तो फारच कंजूष असतो, म्हणून उन्हातला चकचकीत पत्राही हात लावू देत नाही. गंजलेला पृष्ठभाग ऊन अधिक शोषतो आणि उष्णता सढळपणे सोडतोही. याचा परिणाम रात्री दिसतो, आणि तो नातवाला अवश्य सांगा. निरभ्र रात्री गंजलेले पान झपाट्याने थंड होते, त्याच्यावर दव लवकर धरते. चकचकीत पान त्या मानाने कोरडे राहते. दव धरले की गंज वाढतो. बाधित पान स्वतःच आपल्यावर पाणी ओढून घेते.

टिकण्याचे म्हणाल तर, आपल्या कोरड्या चैत्र-वैशाखात त्या रानाची बाधा जवळपास निजलेली असेल, कारण हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय लोखंड सहसा वेगाने गंजत नाही. परंतु त्या दिवसांत भर दुपारी माणूस तिथे भाजून निघेल. पावसाळा लागला की रान सुसह्य होईल आणि गंज धावू लागेल. कोणत्या महिन्यात रानात शिरायचे, हा निर्णय खेळणाऱ्यावर सोपवावा.

प्रश्न : आमच्या गटात माझे पात्र द्रुइडचे, म्हणजे निसर्गपूजक मांत्रिकाचे आहे. मी धातूचे चिलखत वापरत नाही. सूत्रधार आता आम्हाला धातूच्या रानात नेणार आहे. माझ्या पात्राने आत पाऊल टाकावे का? आणि अशा ठिकाणी जिवंत प्राणी असतील हे पटते का? (एक विद्यार्थिनी, अशोक चौक)

उत्तर : जरूर आत जावे, आणि कुरकुरत जावे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या कथाखेळात द्रुइडने धातूचे चिलखत आणि ढाल टाळावी ही रीत दीर्घकाळ होती. त्यामागची कल्पना अशी की धातू हे माणसाच्या हातचे आणि झाड निसर्गाचे. हे रान त्या विभागणीलाच आव्हान देते, म्हणून गटात या रानाशी सर्वांत जास्त झगडणारे पात्र तुमचे असणार.

वस्तुस्थिती पाहिली तर निसर्गाचे धातूशी वाकडे मुळीच नाही. न्यू कॅलेडोनियात एक झाड आहे, त्याची साल खरवडली की निळसर हिरवा चीक येतो. तो वाळवला तर त्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेल भरते. पश्चिम ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या पानांत सोन्याचे सूक्ष्म कण सापडल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुळे खोल जाऊन पाण्याबरोबर ते वर आणतात. प्राण्यांत पाहाल तर हिंद महासागराच्या तळाशी, उकळत्या झऱ्यांजवळ, एक गोगलगाय राहते आणि तिच्या पायावरच्या खवल्यांवर लोह सल्फाइड असते. खडकांवरचे शेवाळ खरवडणाऱ्या कायटन या समुद्री मृदुकाय प्राण्याच्या दातांवर मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते, बीव्हर या कुरतडणाऱ्या प्राण्याचे दात नारिंगी दिसतात ते लोहामुळे, आणि ग्लायसेरा या समुद्री किड्याच्या जबड्यात तांबे असते. तुमच्या सूत्रधाराला एवढी सामग्री पुरावी. त्याने ‘रस्ट मॉन्स्टर’ हा धातू खाणारा प्राणी बाहेर काढला तर दचकू नका. तो या खेळात १९७५ पासून आहे आणि एका स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून सुचलेला आहे. धातूच्या रानात मात्र तो राक्षस राहत नाही, तिथला साधा तृणभक्षक ठरतो. ही बाजू तुमच्या पात्राच्या सर्वांआधी ध्यानात यावी.

प्रश्न : मी ब्लेंडर या त्रिमितीय आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये झाडे घडवून गोडो या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असे रान उभे करतो आहे. गंजलेली झाडे प्लॅस्टिकला तपकिरी रंग दिल्यासारखी दिसतात किंवा काळी पडतात, आणि लांबची पाने सतत चमचम करतात. (जुळे सोलापूर)

उत्तर : तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीचे कारण बहुधा असे की तुम्ही संपूर्ण झाडाला ‘मेटॅलिक’चे, म्हणजे पृष्ठभाग धातूसारखा दिसावा की नाही हे ठरवणाऱ्या आकड्याचे, एकच मूल्य दिले आहे. गंज हा धातू नव्हे, तो ऑक्साइड आहे. तांब्यावरचा हिरवा थरही धातू नव्हे. जिथे धातू उघडा आहे तिथे मूल्य १ आणि जिथे थर चढला आहे तिथे ० ठेवा, मधली मूल्ये फक्त सीमेवर, अगदी अरुंद पट्ट्यात. अधातूचा पृष्ठभाग समोरून पाहताना सुमारे ४ टक्केच प्रकाश परावर्तित करतो आणि त्याला स्वतःचा रंग असतो. धातूचा रंग मात्र त्याच्या परावर्तनातच असतो. हा फरक पृष्ठभागावर चढवायच्या चित्रात दाखवला नाही तर डोळा लगेच प्लॅस्टिक म्हणतो. गंजाचा खडबडीतपणा जास्त ठेवा, आणि तो खेळात पुढे सरकायचा असेल तर प्रत्येक झाडासाठी नवे चित्र न करता आकृतीच्या शिरोबिंदूंना (कोपऱ्यांच्या बिंदूंना) दिलेल्या रंगाच्या एका वाहिनीत गंजाचे प्रमाण साठवा. शेडर, म्हणजे पृष्ठभागाचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम, त्यावरून धातूचे आणि गंजाचे अशी दोन रूपे मिसळेल.

गंज कुठे रंगवायचा याला प्रत्यक्ष निरीक्षणाला पर्याय नाही. एखाद्या बंद गिरणीच्या कुंपणाचा किंवा गॅरेजबाहेरचा पत्रा जवळून पाहा. सुरुवात खिळ्याच्या भोकापाशी, दुमडलेल्या कडेला आणि खालच्या काठावर, म्हणजे पाणी जिथे रेंगाळते तिथे होते. तिथून तांबूस ओघळ सरळ खाली उतरतात आणि सपाट भाग बराच काळ स्वच्छ राहतो. पानाच्या देठाच्या खोबणीत गंज द्या, वारंवार घासल्या जाणाऱ्या कडा उजळ ठेवा.

झाडे काळी पडतात कारण धातूजवळ दाखवण्यासारखे फक्त भोवतालचे प्रतिबिंब असते. आकाश आणि परिसराची प्रतिबिंबे पुरवणारे प्रोब रानात ठरावीक अंतरावर नसतील तर तो काळोखच परावर्तित करणार. लांबच्या पानांची चमचम ही बारीक, गुळगुळीत पृष्ठभाग एका पिक्सेलपेक्षा लहान झाल्याने होते. अंतर वाढेल तसा खडबडीतपणा वाढवत न्या आणि दूरची पाने सुटी न ठेवता एकत्र गुच्छाच्या साध्या आकारात बदला. थोडी चमक तरीही उरेल. निरोगी झाडांपुरती ती राहू द्या आणि बाधित झाडांवरून पूर्ण काढून टाका, म्हणजे खेळणाऱ्याला टेकडीवरूनच रोगाची हद्द दिसेल.